शत्रूवर प्रेम करणाऱ्यांची कथा

युद्धात समोरासमोर उभ्या ठाकलेल्या दोन पक्षांतली दोन माणसं एकमेकांच्या प्रेमात पडतात आणि हे सारं परग्रहावर किंवा तीनशे वर्षांनंतरच्या पृथ्वीवर घडतं. अशा विज्ञानकथांना मराठीने थारा देऊ नये, असं म्हणणारे वाचक मला रायपूर-भिलाईच्या मराठी घरांत वरचेवर भेटतात. ही चांगली वाचणारी माणसं आहेत. ती दिवाळी अंक मागवतात, जयंत नारळीकरांच्या कथांवर तासन् तास बोलतात, नाट्यसंगीत त्यांच्या कानात मुरलेलं आहे. त्यामुळे त्यांचं म्हणणं झटकून टाकता येत नाही. त्यांच्या मते हा प्रकार परका आहे, तो युद्ध गोड करून दाखवतो आणि मारणाऱ्याला व मरणाऱ्याला एका पंगतीला बसवतो. सगळ्यात कठोर आरोप ते शेवटी करतात: बस्तरमध्ये माओवादी युद्धात खरी माणसं मरत आली असताना त्याच राज्यात बसून असल्या कथा लिहिणं हा मेलेल्यांचा अपमान आहे.

मला यातलं काहीच मान्य नाही. युद्ध माणसाचा जीव घेतं हे सगळ्यांना दिसतं. त्याच्या शरीरावर, त्याने मिळवलेल्या ज्ञानावर आणि त्याच्या न जन्मलेल्या मुलावरही ते मालकी सांगतं, हे मात्र फार थोड्यांना दिसतं. ही मालकी उघडी पाडायला शत्रुप्रेमाच्या विज्ञानकथेइतकं नेमकं साधन मला दुसरं माहीत नाही. बस्तर आणि गडचिरोली ज्यांच्या शेजारी आहेत, त्यांना तर ही कथा सर्वांत जास्त हवी.

हे मी बीरगांवातून लिहितो आहे आणि त्याला कारण आहे. बीरगांव रायपूरच्या उत्तरेला, उरला औद्योगिक वसाहतीला चिकटलेलं आहे. पलीकडे सिलतरा. स्पंज आयर्नच्या भट्ट्या, रोलिंग मिल्स, आणि गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर बसणारी काळी भुकटी. बिहार, ओडिशा, उत्तर प्रदेश, विदर्भ, सगळीकडची माणसं या भट्ट्यांवर पोट भरायला आली. छत्तीसगडातल्या अशा भट्ट्यांना लागणारं लोहखनिज बस्तरच्या बैलाडिलातूनही येतं. तिथे १९६८ पासून खाणकाम चालू आहे. जंगल कोणाचं, डोंगराखालचं लोखंड कोणाचं, हा प्रश्न त्या युद्धाच्या मुळाशी असलेल्या प्रश्नांपैकी एक आहे, आणि त्याच लोखंडावर आमच्यासारख्या वस्त्या उभ्या आहेत. इथून दंतेवाडा साडेतीनशेहून अधिक किलोमीटर दूर आहे. तेवढ्या अंतरामुळे आम्ही त्रयस्थ ठरत नाही. ‘आपण बाहेरचे, आपण कशाला बोलायचं’ हा सूर मला म्हणूनच पटत नाही.

परकेपणाच्या आरोपाला उत्तर द्यायला मला आदिपर्वापलीकडे जावं लागत नाही. देव आणि असुर यांचं युद्ध चालू आहे. असुरांकडे एक विद्या आहे जी देवांकडे नाही. शुक्राचार्य रणात पडलेल्या सैनिकांना संजीवनीने पुन्हा उठवतात, देवांचे पडलेले मात्र पडलेलेच राहतात. मग देव बृहस्पतीच्या मुलाला, कचाला, शत्रूच्या राज्यात पाठवतात, आणि पाठवतानाच बजावतात की शुक्राच्या मुलीला आधी प्रसन्न करून घे. म्हणजे जवळीक हा मोहिमेच्या आखणीचाच भाग होता. असुरांना संशय येतो. ते कचाला मारतात, तुकडे करून लांडग्यांना घालतात. देवयानीच्या हट्टापायी बाप त्याला जिवंत करतो. शेवटी ते त्याला जाळतात आणि त्याची राख मद्यात कालवून खुद्द शुक्रालाच पाजतात. आता कचाला बाहेर काढायचं तर बापाचं पोट फाटणार. म्हणून शुक्र पोटातल्या कचाला विद्या शिकवतो, कच बाहेर येतो आणि मेलेल्या गुरूला त्याच विद्येने उठवतो. काम फत्ते. देवयानी लग्नाचं विचारते तेव्हा कच म्हणतो, मी तुझ्या बापाच्या पोटातून आलो, तू माझी बहीण. ती शाप देते की ही विद्या तुला फळणार नाही. तो म्हणतो, मला नसेल फळत, पण मी ज्याला शिकवीन त्याला फळेल.

शत्रूची प्रयोगशाळा, लढाईचा तोल फिरवणारं तंत्र, हेरगिरी, एका शरीरात दडवलेलं दुसरं शरीर, आणि या सगळ्यात चिरडलेलं एका मुलीचं प्रेम. याहून अधिक विज्ञानकथा ती काय असायची? हे कथानक मराठीने कोपऱ्यात टाकलेलंही नाही. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं ‘संगीत विद्याहरण’ १९१३ साली रंगभूमीवर आलं आणि बालगंधर्वांनी त्यात देवयानी केली. वि. स. खांडेकरांच्या ‘ययाति’त हीच देवयानी पुन्हा येते. बाणासुराची मुलगी उषा आणि कृष्णाचा नातू अनिरुद्ध यांची कथाही अशीच आहे: चित्रलेखा झोपलेल्या अनिरुद्धाला द्वारकेतून आकाशमार्गाने उचलून आणते आणि त्यातून दोन्हीकडच्या सैन्यांत युद्ध पेटतं. खाडिलकरांच्या प्रेक्षकांना रूपक वाचता येत होतं हेही सिद्ध आहे. ‘कीचकवधा’तला कीचक म्हणजे कोणता इंग्रज सत्ताधारी, हे त्यांना इतकं नीट कळलं की ब्रिटिश सरकारने १९१० साली त्या नाटकावर बंदी घातली. अशा परंपरेच्या वारसांनी ‘हे आपल्याकडचं नाही’ असं म्हणावं याचं मला मनापासून वाईट वाटतं.

या कथेत दोन्ही बाजू सारख्या ठरत नाहीत, हेही लक्षात घेतलं पाहिजे. देवयानीवर अन्याय होतो, कचाकडून होतो, आणि महाभारत ते लपवत नाही. प्रेमाने युद्ध थांबत नाही. उलट एका बाजूकडे असलेलं तंत्र आता दोन्हीकडे जातं आणि युद्ध आणखी लांबतं. शत्रुप्रेमाच्या कथेने युद्धाला साखर लावलीच पाहिजे असा काही नियम आपल्या सर्वांत जुन्या नमुन्यात तरी सापडत नाही.

समानतेच्या आरोपाचं वजन मला सर्वांत जास्त वाटतं, म्हणून त्यावर थोडं थांबतो. आरोप असा: एकाने गाव जाळलं, दुसऱ्याचं गाव जळलं, आणि लेखक दोघांना चांदण्यात हात धरून बसवतो. वाचकाचं मन विरघळतं आणि गाव कोणी जाळलं हा प्रश्न मागे पडतो. अशा कथा आहेत, ढिगाने आहेत, हे मी कबूल करतो. त्यांत शत्रू नेहमी देखणा असतो, त्याने स्वतः कोणाला मारलेलं नसतं, आणि त्याच्या पक्षाचे सगळे गुन्हे एखाद्या दुष्ट सेनापतीच्या नावावर घातलेले असतात. त्या कथा वाईट आहेत. पण वाईट कथांवरून प्रकाराला फाशी द्यायची तर मराठीतली ऐतिहासिक कादंबरी कधीच उरली नसती.

या प्रकारातली चांगली कथा काय करते ते पाहण्यासाठी लॉइस मॅकमास्टर बुजोल्ड या अमेरिकन लेखिकेची ‘शार्ड्स ऑफ ऑनर’ ही १९८६ सालची कादंबरी घेतो. कॉर्डेलिया नेस्मिथ ही बीटा या मोकळ्या, विज्ञानात पुढारलेल्या ग्रहाची. अ‍ॅरल व्होरकोसिगन हा बारायार या सरंजामी, लढाऊ ग्रहाचा अधिकारी, आणि जगभर त्याची ओळख ‘कोमारचा कसाई’ अशी. कोमारमध्ये अभय दिलेल्या माणसांची कत्तल त्याच्या हुकमाविरुद्ध झाली होती. पण शब्द त्याने दिला होता, म्हणून डाग त्याच्यावर आहे, आणि कादंबरी तो पुसत नाही. दोघं प्रेमात पडतात. पुढे युद्ध होतं, बारायार हरतं. मग जे घडतं त्यासाठी मी ही कादंबरी इथे आणली. बारायारच्या सैनिकांनी कैदी बायकांवर केलेल्या बलात्कारांतून राहिलेले गर्भ विजयी पक्ष कृत्रिम गर्भाशयांत घालतो आणि बारायारला परत पाठवतो. घ्या, हे तुमचं आहे, सांभाळा. लष्करी विज्ञानकथेत मी वाचलेलं हे सर्वांत भेदक दृश्य आहे. त्यात गुन्हा कोणाचा याबद्दल तसूभरही संदिग्धता नाही. तरीही लेखिका तिथे थांबत नाही. कॉर्डेलिया घरी परतते तेव्हा तिच्या लोकशाहीवादी, सुसंस्कृत ग्रहाला खात्री असते की शत्रूने हिच्या मेंदूशी काहीतरी केलं आहे. शत्रूवर शुद्धीत राहून कोण प्रेम करील? तिच्यावर ‘उपचार’ सुरू होतात आणि तिला स्वतःच्याच घरातून पळून जावं लागतं. एका बाजूने शरीरावर हक्क सांगितला, दुसरीने मनावर. दोघांचे गुन्हे सारखे नाहीत. हक्क सांगण्याची रीत मात्र ओळखीची आहे, आणि ती दिसते ती फक्त या बाईने सीमा ओलांडून प्रेम केलं म्हणून. ती घरीच राहिली असती तर तिच्या ग्रहाचा हा चेहरा आपल्याला कधीच दिसला नसता.

आता हे गर्भाशयांचं दृश्य मनात ठेवून बस्तरकडे पाहा. माओवादी पक्षात लग्नाला पक्षाची परवानगी लागते, आणि परवानगी मिळाली की पुरुषाची नसबंदी करून घेतली जाते, हे शरण आलेल्या कितीतरी जणांनी सांगितलं आहे. मूल झालं तर दोघंही दलाच्या कामातून जातील, हे त्यामागचं गणित. ज्यांनी मुक्तीसाठी बंदूक उचलली त्यांच्या वीर्यावर मुक्तिदात्या पक्षाने ताबा घेतला. हीच माणसं शरण आली की सरकारी व्यवस्था त्यांची नस पुन्हा जोडून देते. अशा शस्त्रक्रिया छत्तीसगडातही झाल्या आणि महाराष्ट्रात गडचिरोलीच्या शरणागतांसाठीही झाल्या. सूक्ष्मदर्शकाखाली, केसाहून बारीक धाग्याने कापलेल्या नळीची दोन टोकं शिवायची. नसबंदीला जितकी जास्त वर्षं झाली असतील तितकी यशाची शक्यता कमी, म्हणून दहा वर्षांनी शरण येणाऱ्याचं आणि दोन वर्षांनी येणाऱ्याचं भविष्य सारखं नसतं. एका सत्तेने नळी कापली, दुसऱ्या सत्तेने शिवली, आणि शिवलेली नळी शरणागतीच्या यशाच्या बातमीत आली. कोणत्याही परग्रहावर याहून चमत्कारिक काही घडत नसेल.

इथे माझे आक्षेपक मित्र लगेच विचारतील: म्हणजे तू पक्षाला आणि सरकारला एका तागडीत घालतोस का? मुळीच नाही. कापणं आणि जोडणं या विरुद्ध कृती आहेत आणि जोडणाऱ्या डॉक्टरांच्या हातांना मी नमस्कार करतो. सक्तीची नसबंदी १९९८ च्या रोम संविधीने युद्धगुन्ह्यांत आणि मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांत धरली आहे, आणि पक्षशिस्तीच्या नावाखाली जंगलात जे चाललं ते त्या गुन्ह्याच्या शेजारी जाऊन बसतं असं माझं स्पष्ट मत आहे. पण ज्या राज्याचे हात आज जोडत आहेत, त्याच राज्याच्या बिलासपूर जिल्ह्यात नोव्हेंबर २०१४ मध्ये एका शिबिरात एकाच दिवशी ८३ बायकांवर नसबंदीच्या शस्त्रक्रिया उरकल्या गेल्या आणि त्या आठवड्यातल्या शिबिरांनंतर १३ बायका दगावल्या. गरिबाचं शरीर ही आपली जहागीर आहे असं समजायला युद्धाची गरज लागत नाही. युद्ध ती समजूत कायद्यासारखी लागू करतं एवढंच. ‘कोणाची बाजू बरोबर’ या एका प्रश्नावर ज्यांची नजर खिळलेली आहे त्यांना बिलासपूरच्या त्या बायका आणि बस्तरच्या अबूझमाडातला एखादा नसबंदी झालेला तरुण एका चौकटीत दिसूच शकत नाहीत. दोन बाजूंमध्ये उभी असलेली प्रेमकथा ती चौकट तयार करते.

आणि बाजू म्हणजे तरी काय, हे बस्तरमध्ये विचारून पाहावं. २००५ साली माओवाद्यांविरुद्धचं सलवा जुडूम सुरू झालं तेव्हा एकाच गावातली, एकाच घरातली माणसं दोन तळांवर गेली. ५ जुलै २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदिवासी तरुणांना विशेष पोलीस अधिकारी करून शस्त्रं देण्याचा तो प्रकार घटनाबाह्य ठरवला, पण तोवर जी घरं फुटायची ती फुटली होती. जिल्हा राखीव दलात, म्हणजे डीआरजीत, शरण आलेले माओवादी मोठ्या संख्येने आहेत. कालच्या सोबत्यांविरुद्ध ते आज लढतात. २६ एप्रिल २०२३ ला अरनपूरजवळच्या स्फोटात डीआरजीचे दहा जवान आणि गाडीचा चालक मारले गेले, त्या जवानांतही पूर्वी माओवादी असलेले होते. २०१९ मध्ये सुकमा जिल्ह्यात पोलिसांत गेलेला भाऊ आणि दलात राहिलेली बहीण चकमकीत समोरासमोर आले होते. गडचिरोलीत १ जानेवारी २०२५ ला माओवादी विमला सिडाम ऊर्फ तारक्का शरण आली. तिचा नवरा, पॉलिट ब्युरोचा सदस्य मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती, जंगलातच होता. तो १५ ऑक्टोबर २०२५ ला साठ सहकाऱ्यांसह शरण आला. मधले साडेनऊ महिने नवरा-बायको युद्धाच्या दोन बाजूंना होते, एक राज्याच्या संरक्षणात, दुसरा राज्याच्या निशाण्यावर.

त्या साडेनऊ महिन्यांबद्दल मी कादंबरी लिहिणार नाही, आणि कोणी लिहू नये असंही मला वाटतं. ती जिवंत माणसं आहेत. त्यांच्या मनात शिरून, त्यांच्या तोंडी संवाद घालून दिवाळी अंक सजवणं हा उद्धटपणा होईल. पण प्रश्न तर उरतोच. ज्याच्याबरोबर आयुष्य काढलं त्याच्यावर बंदूक रोखणाऱ्यांच्या छायेत राहणं म्हणजे काय? त्याने यावं म्हणून निरोप पाठवावा, तर तो त्याला वाचवण्यासाठी की फोडण्यासाठी, हे पाठवणाऱ्याला तरी कळतं का? वास्तववादी कथेला इथे नावगाव लागतं, आणि नावगाव आलं की गावातला कोणीतरी उद्या ‘मुखबिर’, म्हणजे खबऱ्या, ठरून मारला जाऊ शकतो किंवा पोलीस ठाण्यात बसवला जाऊ शकतो. विज्ञानकथा हा प्रश्न दुसऱ्या सूर्याखाली नेऊन ठेवते. तिथे तो पूर्ण ताकदीनिशी विचारता येतो आणि कोणाच्या दारावर थाप पडत नाही. खाडिलकरांनी कीचकाला जे काम दिलं तेच हे काम. हिला पळवाट म्हणणाऱ्यांनी एकदा सांगावं की दुसरी कोणती वाट इतकी आतपर्यंत जाते.

शिवाय ही प्रेमकथा लिहिली जात नाही असं समजण्याचं कारण नाही. ती केव्हाच लिहिली जात आहे, फक्त लेखक वेगळे आहेत. १४ फेब्रुवारी २०२१ ला, म्हणजे व्हॅलेंटाइन दिवस साधून, दंतेवाड्यात ‘लोन वर्राटू’ या घरवापसीच्या मोहिमेत शरण आलेल्या पंधरा जोडप्यांचं सामूहिक लग्न पोलिसांनी लावून दिलं. गडचिरोलीत जून २०२५ मध्ये मुख्यमंत्र्यांच्या उपस्थितीत असाच सोहळा झाला. त्या जोडप्यांना संसार मिळाला याचा मला खरा आनंद आहे, तो कोणी हिरावून घेऊ नये. पण छायाचित्र काढताना मंडप कोणी घातला, अक्षता कोणी टाकल्या आणि बातमीचा मथळा काय आला, हेही पाहावं लागतं. त्या मथळ्यात प्रेम म्हणजे शरणागतीचं बक्षीस. जंगलातल्या पक्षाची कथा याच्या उलट: तिथे प्रेम म्हणजे क्रांतीला द्यायची आहुती. दोन्ही कथांत प्रेम करणारी माणसं दुसऱ्या कुणाच्या तरी विजयाचा पुरावा आहेत. ‘अशा प्रेमकथा नकोत’ असं मराठी लेखक म्हणाला तर कथा थांबणार नाही. ती या दोन लेखकांच्या हाती राहील.

अमेरिकेतली ‘सागा’ ही चित्रकथामालिका (ब्रायन के. व्हॉन आणि फियोना स्टेपल्स, २०१२ पासून) मला याच कारणासाठी महत्त्वाची वाटते. पिढ्यान्‌पिढ्या लढणाऱ्या दोन जमातींतले दोन सैनिक पळून जाऊन संसार मांडतात आणि त्यांना मुलगी होते. दोन्ही बाजू त्या तान्ह्या मुलीच्या मागावर निघतात, कारण तिचं असणंच दोघांना अडचणीचं आहे. कथा सांगते ती मुलगी, मोठी झाल्यावर. नस कापण्याचा हुकूम देणाऱ्याला नेमकी हिचीच भीती वाटत असते.

मी या प्रकाराचा डोळे झाकून कैवार घेत नाही, हे दाखवायला एक उदाहरण पुरे. अमल अल-मोहतार आणि मॅक्स ग्लॅडस्टोन यांची २०१९ ची ‘धिस इज हाऊ यू लूज द टाइम वॉर’ ही लघुकादंबरी जगभर गाजली, ह्यूगो आणि नेब्युला दोन्ही पुरस्कार तिला मिळाले. काळात मागेपुढे जाऊन इतिहास आपल्या बाजूला वळवणाऱ्या दोन शत्रुपक्षांच्या हस्तक, रेड आणि ब्लू, एकमेकींना पत्रं लिहितात. कधी झाडाच्या खोडातल्या वर्तुळांत, कधी बियांत दडवलेली. भाषा अपूर्व आहे. पण पानापानावर ज्या नगरी बुडतात आणि ज्या सेना कापल्या जातात त्यांतल्या एकाही मेलेल्याला नाव नाही. मरण तिथे पत्रामागचा रंगीत कागद होऊन बसतं. ज्याच्या डोळ्यांसमोर ताडमेटला, झीरम घाटी, अरनपूर ही बस्तरमधल्या हत्याकांडांची नावं आहेत, त्या वाचकाला हे खुपणार आणि खुपायलाच हवं. माझ्या आक्षेपकांचा संताप या ठिकाणी योग्य आहे. फक्त त्यांनी तो पुस्तकापुरता ठेवावा. मराठीत अशी कथा कोणी लिहिली तर मेलेल्यांची नावं तिच्यात असली पाहिजेत, एवढी मागणी मी त्यांच्या बरोबरीने करीन.

आपल्या विज्ञानकथेला युद्ध वर्ज्य नाही. नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’मध्ये इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत अशा जगात जाऊन पोचतात जिथे विश्वासरावांना गोळी लागली नाही आणि मराठे पानिपत जिंकले. ती कथा मी कितीदा वाचली असेन आणि तिच्या कल्पनेची झेप मला आजही थक्क करते. पण तिच्यात युद्ध म्हणजे निकाल. तो इकडचा तिकडे झाला की जग बदलतं. पलीकडच्या छावणीतल्या माणसाला तिथे जागा नाही, आणि त्या कथेला त्याची गरजही नव्हती. मराठी विज्ञानकथेचा मुख्य प्रवाह बराच काळ असाच राहिला: कल्पना कडक, नायक पुण्या-मुंबईचा शास्त्रज्ञ, भावना तोंडी लावण्यापुरती. सुबोध जावडेकरांसारख्या लेखकांनी त्यात माणूस आणला, हे ऋण मोठं आहे. पुढचं पाऊल मात्र पुण्यातून पडेल असं मला वाटत नाही. ते गडचिरोलीतून, रायपूरमधून, जगदलपूरच्या हलबी बोलणाऱ्या मुलांमधून पडेल. हलबी मराठीच्या इतक्या जवळची आहे की आमच्या आज्यांना ती अर्धीअधिक कळायची.

राहिला वेळेचा मुद्दा. अनेक जण शेवटी मवाळ होऊन म्हणतात, लिहा, पण आत्ता नको, जखमा ओल्या आहेत, सगळं शांत होऊ द्या. पण अमेरिकन लेखक जो हॅल्डमन १९६८ साली व्हिएतनाममध्ये जखमी झाला आणि नंतर मायदेशी परतला. त्याची ‘द फॉरएव्हर वॉर’ ही कादंबरी १९७४ मध्ये पुस्तकरूपाने आली. सायगाव पडलं एप्रिल १९७५ मध्ये. युद्ध संपायच्या आत त्याने अंतराळातल्या सैनिकांची अशी कथा लिहिली जिच्यात प्रकाशाच्या वेगाजवळच्या प्रवासामुळे प्रेम करणाऱ्या दोघांच्या वयांत शतकांचं अंतर पडू शकतं, आणि शेवटी कळतं की शत्रूशी युद्ध मुळात गैरसमजातून सुरू झालं होतं. हे त्याने वीस वर्षांनी लिहिलं असतं तर ते स्मारक झालं असतं. तेव्हा लिहिलं म्हणून ते साक्ष झालं. आपल्याकडे ३१ मार्च २०२६ ही माओवाद संपवण्याची तारीख केंद्र सरकारने जाहीर केली होती. तारखा ठरवणारे आपलं काम करतात. कथाकाराने त्यांच्या पंचांगावरून चालायचं ठरवलं तर त्याच्या वाट्याला फक्त विजयाचं वर्णन उरतं.

मराठी विज्ञान परिषद विज्ञानरंजन कथास्पर्धा घेते, दिवाळी अंक विज्ञानकथा विशेषांक काढतात. त्यांच्या संपादकांकडे आणि परीक्षकांकडे माझं मागणं साधं आहे. शत्रुप्रेमाची कथा आली तर ती ‘रोमँटिक’ म्हणून बाजूला सारू नका आणि ‘शांततेचा संदेश देणारी’ म्हणून डोक्यावरही घेऊ नका. तिला तीन प्रश्न विचारा: तिच्यातला शत्रू खरोखर गुन्हेगार पक्षाचा आहे का, तिच्यातल्या मेलेल्यांना नावं आहेत का, आणि तिच्यातल्या बाईचं शरीर किंवा पुरुषाची नस शेवटी कोणाच्या मालकीची राहते. तिन्हींना कथेकडे उत्तर असेल तर छापा, आणि छापलेल्या अंकाच्या काही प्रती कुरखेडा, भामरागड, अहेरीच्या वाचनालयांत पाठवा. ती कथा कितपत खरी उतरली आहे हे तिथले वाचक सांगतील, आणि त्यांनी ती नापास केली तर मी माझा हा सगळा युक्तिवाद त्यांच्यासमोर नव्याने मांडायला तयार आहे.